सात सेंमी उंची वाढवायची, पण कुठे? मांडीत की नडगीत?

केरीची_वाट (धागाकर्ती)
पाय लांबवून उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल जिथे तिथे एकच प्रश्न दिसतो: किती सेंमी मिळतील? मला वाटतं त्याआधीचा प्रश्न आहे तो हा की ते सेंमी घालायचे कुठे.
उदाहरणासाठी एक माप धरू. २४ वर्षांचा तरुण. उभ्याची उंची १६२, बसल्याची ८६, हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत १६०. मांडीचं हाड ४३, नडगी ३५ (सगळं सेंमीत). त्याला सात हवेत. सगळे मांडीत घालावेत, नडगीत, की वाटून? शरीराचं प्रमाण, चाल, मांडी घालून बसणं, सगळं धरून सांगा. 'करूच नये' असं मत असेल तर तेही लिहा, मात्र कारणासकट.

बार्देशी
करूच नये. निरोगी हाड हौसेसाठी तोडायचं आणि वर्ष घालवायचं, हे मला पटत नाही. फ्रॅक्चर नीट जुळलं नाही, पोलिओने किंवा जन्मतःच एक पाय आखूड राहिला, तर गोष्ट वेगळी. तिथे तीन सेंमीच्या फरकानेही कंबर वाकडी होते.

बांबोळी_रोड
@बार्देशी, तुमची हरकत मान्य. पण सज्ञान माणूस विचारतोय तर त्याला खरी माहिती मिळायला हवी, नाहीतर तो जाहिरात वाचून ठरवेल. म्हणून आधी हे नेमकं काय असतं ते सांगतो.
हाड 'ओढून' लांब होत नाही. ते आडवं कापतात. ड्रिलने ओळीने भोकं पाडून छिन्नीने तोडतात, वरचं अस्तर शक्य तेवढं जपून, कारण नवं हाड बरंचसं त्यातून येतं. मग पाच ते सात दिवस काहीच करायचं नाही. त्या दिवसांत फटीत कोवळा गोळा जमतो. त्यानंतर दोन तुकडे रोज एक मिमी दूर न्यायचे, तेही एकदम नाही, पाव पाव मिमी करून चार वेळा. फट जसजशी वाढते तसतशी नव्या हाडाने भरत जाते.
हा एक मिमीचा आकडा इलिझारोव्ह या सोव्हिएत सर्जनचा. सायबेरियातल्या कुर्गानला पन्नासच्या दशकात त्यांनी रिंगांची पद्धत बसवली आणि पुढे कुत्र्यांवर वेगवेगळे वेग तपासले. रोज अर्धा मिमी ठेवला तर हाड वेळेआधीच जुळून बसतं. दोन मिमी केला तर फटीत हाड धरत नाही आणि आजूबाजूचे स्नायू व नसा दुखावतात.
सात सेंमी म्हणजे ओढण्याचेच सत्तर दिवस. हाड कडक व्हायला ढोबळ हिशेब सेंमीला एक महिना, म्हणजे एकूण सात महिने. प्रौढांत यापेक्षा जास्तही लागतात.

सांतेरी
+१. शिवाय हे वाढ संपल्यावरच. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या बंद झाल्या का ते डाव्या हाताच्या एक्स-रेवरून कळतं. पट्ट्या उघड्या असतील तर रुग्ण मुलांच्या हार्मोन तज्ज्ञाचा. बंद झाल्यावर बारला लटकणं, पावडरी, इंजेक्शनं यांनी हाड एक मिमीही वाढत नाही.

अंत्रुजकर
लटकून सेंमीभर वाढल्यासारखं वाटतं ते मणक्यांमधल्या चकत्यांमुळे. दिवसभरात त्या दबतात, रात्री झोपल्यावर फुगतात. म्हणून माप घ्यायचं ते सकाळी, रोज त्याच वेळी.

केरीची_वाट
बसल्याची उंची घरी नीट कशी मोजायची तेही कोणी लिहा. पलंगावर बसून मोजलेले आकडे लोक सांगतात.

अंत्रुजकर
कडक, सपाट स्टूल भिंतीला टेकवून. पाठ आणि कुल्ले भिंतीला चिकटलेले, मांड्या जमिनीला समांतर, पायांखाली पाट देऊन तसं करून घ्यावं. डोकं असं धरायचं की डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत येईल. हनुवटी वर केली की माप चुकतं. डोक्यावर काटकोनी फळी ठेवून भिंतीवर खूण, मग स्टुलाची उंची वजा. तीनदा घ्या.
मोठ्या माणसात बसल्याची उंची उभ्याच्या साधारण ५२ टक्के भरते, माणसामाणसात थोडं मागेपुढे. तुमच्या उदाहरणात ८६ भागिले १६२ म्हणजे ५३ टक्के, म्हणजे धड किंचित लांब, पाय किंचित आखूड. सात सेंमी घातल्यावर ८६ भागिले १६९ म्हणजे ५१. म्हणजे धड-पायांच्या बाबतीत हा माणूस बिघडत नाही. आधीच ५१ असलेल्याने सात वाढवले तर मात्र पाय काठीसारखे दिसू लागतात.
हातांचं गणित याहून नाजूक आहे. हात पसरून १६० आणि उंची १६९, म्हणजे नऊचा फरक.

माप_आणि_कातर
हातांबद्दल अंत्रुजकर बोलले ते अगदी खरं. कपड्यांच्या मापात ते लगेच कळतं, म्हणून लिहिते.
या तरुणाच्या पँटची आतली लांबी, म्हणजे आसनापासून टाचेपर्यंत, ७३ च्या आसपास असणार. बेतताना गुडघ्याची खूण आतल्या लांबीच्या निम्म्यावर धरून पाचेक सेंमी वर घेतात. म्हणजे आसनापासून साडेएकतीस. अंगावरचा गुडघा एकतीसला. जमलं.
आता सात सेंमी सगळे मांडीत घातले. आतली लांबी ८०, खूण पडली पस्तीसला, पण खरा गुडघा अडतीसला. तयार पँट घातली तर गुडघ्याचा आकार तीन सेंमी वर बसणार. उलट नडगीत पाच घातले (तिथे पाचच्या पुढे सहसा जात नाहीत) तर आतली लांबी ७८, खूण चौतीसला, गुडघा मात्र एकतीसलाच, म्हणजे आकार तीन सेंमी खाली. दोन्हीकडे चूक सारखीच, दिशा उलटी. शिवून घेणाऱ्याला हे दुरुस्त करता येतं.
हाताचं तसं नाही. सरळ उभं राहून हात सोडले की बोटं मांडीवर कुठेतरी येतात. मांडी सात सेंमी लांब झाली की तीच बोटं गुडघ्यापासून आणखी सात सेंमी दूर राहतात. नडगी वाढवली तर बोटं आणि गुडघा यांतलं अंतर बदलत नाही. हात आखूड का दिसतात याचं उत्तर इथे आहे. आपल्याकडे आजानुबाहू हे कौतुकाचं विशेषण, त्याच्या बरोबर उलट दिशेने ही शस्त्रक्रिया माणसाला नेते. बाहीची लांबी, शर्टाची उंची, खांदे यांत काही फरक पडत नाही.

चित्रशाळा
मूर्तीच्या हिशेबाने एक भर. नवताल, म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंचीची, मूर्ती १०८ अंगुळं: चेहरा १२, मान ४, मानेपासून छाती १२, नाभी १२, जननेंद्रिय १२, मांडी २४, गुडघा ४, नडगी २४, पाऊल ४. मांडी आणि नडगी समसमान. एकाच भागात भर घातली की मूर्ती लगेच डोळ्याला खटकते, भले बघणाऱ्याला अंगुळं ठाऊक नसोत. गणपती घडवताना हे झाकलं जातं, कारण तो बसलेला आणि त्याचं प्रमाणच वेगळं. उभी लक्ष्मी किंवा विठोबा मातीत उठवताना गुडघा एक अंगुळ खाली गेला तरी मूर्ती पांगळी वाटते.

झुआरीकाठ
@चित्रशाळा, सुंदर. पण वाचणाऱ्यांचा घोळ नको म्हणून सांगतो: हाडांत मांडी आणि नडगी समान नसतात. नडगी मांडीच्या हाडाच्या ८० टक्क्यांच्या आसपास. धागाकर्तीच्या उदाहरणात ३५ भागिले ४३ म्हणजे ८१. मूर्तीची मांडी जांघेपासून मोजतात आणि मांडीचं हाड त्याच्या वर खुब्यात सुरू होतं, म्हणून मूर्तीत दोन्ही सारखे दिसतात. दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबर.
सात मांडीत: ३५/५० म्हणजे ७०. पाच नडगीत: ४०/४३ म्हणजे ९३. चार मांडीत, तीन नडगीत: ३८/४७ म्हणजे परत ८१.

केरीची_वाट
मग वाटून घेणं सरळच झालं की!

बांबोळी_रोड
कागदावर. वाटून घ्यायचं म्हणजे चार हाडं कापायची. ती एका वेळी करू नयेत, मध्ये काही महिने ठेवून दोन शस्त्रक्रिया. भूल दोनदा, रक्ताच्या गुठळीचा धोका दोनदा, घरी बसणं दोनदा. फायदा एवढाच की प्रत्येक हाडाला कमी ताण आणि प्रमाण जपलं जातं.
आणि नडगी हे अवघड हाड आहे. पुढच्या बाजूला तिच्यावर नुसती कातडी, रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती मांडीपेक्षा हळू जुळते. शेजारचं बारीक हाडही कापावं लागतं, आणि ते वर-खाली नडगीला स्क्रूने बांधलं नाही तर ओढताना घोट्यातून वर सरकतं आणि घोटा बिघडतो. वाढताना नडगी बाहेर आणि पुढे वाकू बघते. पण हाडापेक्षा मोठी अडचण पोटरीची.

काणकोणची_लाट
पोटरीवर मी लिहिते, फिजिओथेरपीचा भाग आहे.
हाड रोज एक मिमी वाढतं, स्नायू तेवढ्या राजीखुशीने वाढत नाही. नडगी लांबवली की पोटरी आणि टाचेची शीर ताणली जाते, टाच उचलली जाते आणि माणूस चवड्यावर चालायला लागतो. म्हणून पाऊल वर वाकवणं रोज मोजतात. गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनात येत नसेल तर वेग कमी करायचा किंवा थांबायचं. नडगीत पाच सेंमीच्या पुढे सहसा जाऊ नये असं म्हणतात ते यासाठी.
मांडीत त्रास गुडघ्याला. मागचे स्नायू गुडघा सरळ होऊ देत नाहीत, पुढचे वाकू देत नाहीत. ताण रोज, दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक ताण किमान तीस सेकंद धरून. पालथं झोपणंही हवं, नाहीतर जांघ आखडते.
घरोघरी होणारी चूक: दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी. आजी मायेने ठेवते, रुग्णाला लगेच बरं वाटतं, आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत रात्रभर राहतो. सकाळी तो पूर्ण सरळ होत नाही, आठवड्याने होतच नाही. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. गुडघ्याखाली मोकळं राहू दे, तो आपल्या वजनाने सरळ होतो. झोपताना गुडघा सरळ ठेवणारी पट्टी बांधायची.

तिसवाडीकर
अगदी बरोबर. गुडघ्याखालची उशी वाचून बरं वाटलं, कुणीतरी लिहायला हवं होतं.

जुनी_पणजी
रिंगा लावतात की खिळा, हे कोणी सोडवून सांगेल का? दोन्ही शब्द ऐकू येतात.

बांबोळी_रोड
बाहेरून रिंगा: तीन-चार रिंगा, हाडातून आरपार जाणाऱ्या तारा, मोठ्यांना १.८ मिमीच्या, खूप ताण देऊन बांधलेल्या. रिंगांना जोडणाऱ्या दांड्यांवर आटे असतात, एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिमी. म्हणून पाव फेरा, पाव मिमी. नट फिरवायला दहाचा पाना पुरतो. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, असं घड्याळ लावतात.
चूक होते ती इथे. चार दांड्या आहेत, चारही एकाच दिशेने फिरवायच्या. एक उलटी फिरली किंवा एक विसरली तर हाड वाकडं वाढू लागतं. उपाय सोपा: प्रत्येक नटच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका, जवळ कागद, आणि फिरवल्यावर लगेच टिक. ठिपका चारही ठिकाणी सारख्या दिशेला दिसला पाहिजे.
आतून खिळा: हाडाच्या पोकळीत सरकवलेला, आत चुंबक. बाहेरून मांडीवर यंत्र धरलं की चुंबक फिरतो आणि खिळा लांबतो. कातडीतून काही बाहेर येत नाही, म्हणून पिनांच्या भोकांचं पू होणं टळतं. अमेरिकेत असा चुंबकी खिळा २०११ मध्ये मंजूर झाला. वजन मात्र फार पेलत नाही, टायटॅनियमचा खिळा मोडू नये म्हणून कुबड्या किंवा वॉकर लागतो. पूर्ण वजन पेलेल असा पोलादाचा खिळा आला होता, तो २०२१ मध्ये बाजारातून मागे घेतला, खिळ्याच्या सांध्याजवळ गंज आणि हाडात बदल दिसले म्हणून. खिळा आत असेतो एमआरआय करता येत नाही. साधारण वर्ष-दीड वर्षाने काढतात, म्हणजे आणखी एक शस्त्रक्रिया.
तिसरा मार्ग आत साधा खिळा आणि बाहेर रिंगा, ओढणं संपलं की रिंगा काढतात. रिंगांचे महिने कमी होतात, पण पिनांचा जंतुसंसर्ग आत खिळ्यापर्यंत गेला तर फार महागात पडतो.

बार्देशी
खिळा बसवताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत रीमर (पोकळी रुंद करणारं हत्यार) फिरवतात तेव्हा चरबीचे कण रक्तात जातात, तेही लिहा. दोन्ही मांड्या एकाच दिवशी केल्या तर फुफ्फुसावर परिणाम होऊ शकतो.

बांबोळी_रोड
हो, लिहायचं राहिलं. म्हणूनच आधी हाडाला बाजूने भोकं पाडून घेतात, आतला दाब कमी राहतो. खिळ्याहून साधारण दोन मिमी मोठं रीमिंग लागतं, म्हणजे ते टाळता येत नाही. रक्त पातळ ठेवायचं औषध, लवकर बसवणं-उभं करणं, आणि कुठल्याही क्षणी धाप लागली किंवा पोटरी एकदम सुजली-दुखली तर रात्र न घालवता हॉस्पिटल.

सांतेरी
रिंगावाल्यांसाठी आपल्या हवेचं सांगते. जून ते सप्टेंबर गोव्यात काही सुकत नाही. पिनांभोवतीचं गॉझ दमट राहिलं की कातडी पांढरी पडते आणि तिथून सुरुवात होते. गॉझ पूर्ण कोरडं, दिवसातून एकदा सलाइनने साफ, प्रत्येक पिनेला नवा तुकडा. विहिरीचं पाणी थेट नको, उकळून थंड केलेलं. समुद्रात पाय बुडवणं बंद. लाली, उष्णता, पू किंवा पिनेशी नवं दुखणं दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं.
आणि शस्त्रक्रियेचा महिना निवडताना पावसाचा विचार करा. ऑक्टोबरात केली तर डिसेंबर अखेरीस ओढणं संपेल, मे पर्यंत वॉकर सुटण्याची शक्यता. एप्रिलात केली तर शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून वॉकर घेऊन चढायचं. कोवळं हाड अशा एका घसरण्यात मोडतं. घरी कमोड आधीच बसवून घ्यावा, उकिडवं बसणं महिनोन्‌महिने जमत नाही आणि काहींचं पुढेही पूर्ण परत येत नाही.

केरीची_वाट
म्हणजे पंगतीला मांडी घालून बसणं?

काणकोणची_लाट
बहुतेकांना परत येतं, पण आधीइतकं सहज असेलच असं धरून चालू नका. मांडीत फार वाढवलं तर खुब्याच्या आणि गुडघ्याच्या लवचिकतेवर ते अवलंबून राहतं. दुसरं, गुडघा पुढे येतो. खुर्चीत टेकून बसलं तर सात सेंमी पुढे. कदंबच्या बसमध्ये समोरच्या सीटला गुडघा लागेल. नडगी वाढवली तर गुडघा पुढे येत नाही, वर जातो.

झुआरीकाठ
नसांचंही मोजून ठेवा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यात बधिरपणा आला, किंवा अंगठा वर उचलता येईना, तर पायाची नस ताणली जात आहे. पहिला उपाय वेग कमी करणं, रोज पाऊण किंवा अर्धा मिमी. तरी सुधारलं नाही तर नस मोकळी करावी लागते. ही खूण रोज सकाळी स्वतः तपासायची, सर्जनच्या भेटीची वाट बघायची नाही.
मांडीच्या खिळ्याची एक बारकी गोष्ट: हाड खिळ्याच्या रेषेत वाढतं, वजनाची रेषा मात्र थोडी वेगळी असते. त्यामुळे दर सेंमीला ती रेषा गुडघ्यात साधारण एक मिमी बाहेर सरकते. सात सेंमीला सात मिमी. आधीच गुडघे आत वळलेले असतील तर तो दोष वाढतो, किंचित धनुष्यासारखे असतील तर चालून जातं.

अंत्रुजकर
शिवाय सिगारेट, तंबाखू बंद, महिनाभर आधीपासून. निकोटिनने नवं हाड धरायला वेळ लागतो. व्हिटॅमिन डी तपासा, आपल्याकडे कमी निघणं नेहमीचं आहे. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, हाड जुळण्यात अडथळा येऊ शकतो, डॉक्टरला विचारूनच.
आणि ज्याला सैन्यात जायचं आहे त्याने हे उंची भरण्यासाठी करू नये. शरीरात खिळा असेल तर वैद्यकीय तपासणीत अडतं. आरोग्यविम्याचंही तसंच, निव्वळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत सहसा वगळलेली असते.

तिसवाडीकर
जन्मजात बुटकेपणात हे वेगळ्या पद्धतीने करतात ना?

बांबोळी_रोड
हो. अकोंड्रोप्लाझिया या प्रकारात दोष एफजीएफआर३ या जीनचा, हातपायांचे धडाकडचे भाग आखूड. तिथे दंडाचं हाड लांबवणं उंचीइतकंच महत्त्वाचं, कारण हात मागे पोचत नाही आणि शौचानंतर स्वतःला स्वच्छ करता येत नाही. दंड ओढणं चांगलं सोसतो, आठ-दहा सेंमीही घेतात. मुलांसाठी २०२१ पासून व्होसोरिटाइड हे इंजेक्शनही परदेशात मंजूर झालेलं आहे, पण ते वाढीच्या पट्ट्या उघड्या असेतोच.

माप_आणि_कातर
म्हणजे हात कमी पडतात हे तिथे ओळखून हात वाढवतात, आणि दिसण्यासाठी करणारे पायच वाढवतात. हे मला खटकतं.

बार्देशी
मलाही. शिवाय १५० चा असो की १७५ चा, आरशात समाधान नसेल तर पाच सेंमीने ते येणार नाही. शस्त्रक्रियेआधी मानसोपचार तज्ज्ञाची भेट चांगले सर्जन स्वतःच मागतात. न मागणारा सर्जन असेल तर तिथून उठावं.

केरीची_वाट
सगळ्यांना मनापासून देव बरें करूं. मूळ प्रश्नाकडे परत येते. या तरुणाला एकच शस्त्रक्रिया परवडते, तर कोणती?

झुआरीकाठ
मांडी. पण सात नाही, पाच. ३५/४८ म्हणजे ७३, आणि बसल्याची उंची ८६/१६७ म्हणजे ५१.५ टक्के. गुडघ्याला सोसेल, वीस दिवस ओढणं कमी, हाडही दोनेक महिने लवकर. शेवटचे दोन सेंमी सगळ्यात महाग असतात. स्नायू आणि नसा तिथे कुरकुर करतात, हाड तिथे पातळ पडतं.

काणकोणची_लाट
पाचला सहमत. आणि तेही आधी ठरवून बसू नये. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, किंवा वाकणं साठ अंशांखाली गेलं, तर चारला थांबायचं. किती सेंमी ते शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरत नाही, ते ओढण्याच्या दिवसांत रोज सकाळी ठरतं.

माप_आणि_कातर
पाच मांडीत म्हणजे बोटं गुडघ्यापासून आणखी पाच सेंमी दूर. हात पसरून १६०, उंची १६७. डोळ्याला सातपेक्षा खूपच कमी खटकेल.

केरीची_वाट
शेवटचं एक. मांडी ४३ आणि नडगी ३५ हे मी टेपने घेतले होते, त्यावर विसंबू का?

बांबोळी_रोड
नाही. टेपने हाडाची टोकं सापडत नाहीत, दोन-तीन सेंमीची चूक सहज होते. कुल्ल्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला एक्स-रे हवा. दोन्ही पाय एका फिल्मवर, गुडघ्याच्या वाट्या समोर, पावलं नव्हेत. पाय थोडा वळला तरी वाकडेपणा खोटा दिसतो. गुडघ्याच्या पातळीवर २५ मिमीचा धातूचा गोळा चिकटवून घ्यायला सांगा. फिल्मवर तो २८ दिसला तर सगळी मापं त्या हिशेबाने कमी करायची. एक पाय आधीच सेंमीभर कमी निघाला तर दोन्ही पायांचं उद्दिष्ट वेगळं ठेवावं लागेल.